जावयाला गुरुत्वाकर्षण लागू नाही

मी परभणीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होतो, आणि गावी, झरीला, आमच्या विहिरीवरच्या मोटारीला दर अमावास्येला नारळ फोडत होतो. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज गेली की मोटार फिरते, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगायचो. नारळ राहिला की ती जळते, हे वडील सांगायचे. एका वर्षी नारळ राहिला आणि मोटार जळली. पुढच्या वर्षी नारळ वेळेवर फोडला, तरी जळली. मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "नारळ नासका निघाला व्हता, इसरलास का?" या उत्तरापुढे कुठल्या शास्त्रज्ञाचं काही चाललं असतं असं मला वाटत नाही.

सांगायचं एवढंच, की जादू आणि फिजिक्स एका घरात नांदवायचं आमच्याकडे कुणाला अवघड गेलं नव्हतं. तो प्रश्न परदेशातल्या हुशार लोकांना पडतो आणि त्यावर ते पुस्तकं छापतात, हे मला एका खोक्यामुळे कळलं.

खोकं माझ्या मावसभावानं आणलं. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा. कंपनीनं त्याला काही महिने अमेरिकेला धाडलं होतं. परत आल्यावर त्यानं सगळ्या नातेवाइकांना सेंटच्या बाटल्या वाटल्या आणि मला हे खोकं दिलं. "तू सायन्सवाला, तुला आवडेल," म्हणाला. आत इंग्रजी पुस्तकं होती आणि फासे होते. चार तोंडांचा, आठ तोंडांचा, बारा तोंडांचा, आणि एक तर चक्क वीस तोंडांचा. फासे बघून आईनं आधी दार लोटून घेतलं. फासे म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे शेजारी बघणार.

"पट कुठाय रं ह्याचा?" तिनं विचारलं.

"पट नाही, मावशी. सगळं तोंडानं. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. समोर काय आलं ते तो एक सांगणार, आपण काय करतो ते बाकीच्यांनी सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार."

"आन् जिकतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग हारतं कोण?"

"कुणीच नाही."

आई बराच वेळ त्या वीस तोंडांच्या फाशाकडे बघत राहिली. "लय रिकामपण दिसतंय की रं त्या देशात," असं म्हणून तिनं दार उघडलं.

मी ती पुस्तकं उन्हाळ्याच्या सुटीत वाचली. वाचली म्हणजे तपासली. मास्तर माणसाला नुसतं वाचता येत नाही. एका पानावर हत्तीएवढा ड्रॅगन वटवाघळाच्या पंखांवर उडत होता. दुसऱ्यावर जादूगार हवेतून आगीचा गोळा काढून फेकत होता, आणि ती आग कशावर जळते याचा कुठेही खुलासा नव्हता. मी समासात लाल पेननं 'कसे?' असं लिहीत गेलो. शेवटी ठरवलं, की मी जेव्हा जग सांगीन तेव्हा ते नीट सांगीन. जादू असेल, पण नियमात असेल. जादूगारानं आग काढली तर तिची ऊर्जा कुठून तरी आलेली असेल. असं जग अमेरिकेतल्या लोकांना जमलं नव्हतं आणि झरीतल्या मला जमणार होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा मी तिशीचा होतो.

त्याच उन्हाळ्यात अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी तो आला की लेकी-जावयांना बोलवायचं, तेहतीस अनारसे तांब्याच्या ताम्हनात मांडून द्यायचे, पुरण भरलेले धोंडे करून जेवू घालायचं, कपडे करायचे. त्या महिन्यात जावई म्हणजे देव. आणि आमच्या घरी देव दोन होते.

धाकटे जावई परभणीलाच एका सरकारी कचेरीत होते. बोलणं गोड, चालणं बेतशीर. थोरले ताडकळसकडचे. मोठं खटलं, भरपूर शेती, आणि त्या शेतीपेक्षा थोडा जास्तच रुसवा. त्यांना आम्ही दाजी म्हणायचो. मागच्या धोंड्याला दाजी अंगणात पाय धूत होते, तेवढ्यात आईनं घाईघाईत धाकट्या जावयांना आधी ओवाळलं. दाजींनी ओले पाय तसेच चपलेत घातले आणि बसस्टँड गाठला. त्या दिवसापासून आमच्या अक्काचं माहेर बंद झालं. पंचमी नाही, दिवाळी नाही, राखी नाही. वडिलांना टायफॉइड झाला तेव्हा एकदा आली, तीही संध्याकाळच्या बसनं परत. अक्का माझ्यापेक्षा मोठी. तिनं मला कडेवर वागवलेलं, आणि त्या हक्कानं ती मला आजही 'येड्या' म्हणते.

यंदा दाजी यायला तयार झाले हेच नवल होतं. त्यात नेमका धोंड्याच्या जेवणाच्या आदल्या दिवसासाठी जिल्हा बंद पुकारला गेला. नामांतराचा प्रश्न तेव्हा वर्षानुवर्षं पेटत-विझत चालला होता, आणि कुणीही बंद पुकारला की पहिल्यांदा बस बंद व्हायची. विद्यापीठाचं नाव बदललं तर आभाळ कोसळेल असं छातीठोकपणे सांगणारे आमच्या गावात बरेच होते. वस्तू कशा कोसळतात हे शिकवण्याचा मला पगार होता, पण त्यातला एकही मला विचारायला आला नाही. असो. बस बंद राहणार म्हणून दाजी अक्काला घेऊन दोन दिवस आधीच आले. धाकट्या बहिणीला घेऊन धाकटेही आले. आणि वैशाखाच्या त्या उन्हात दोन देवांना दोन दिवस रमवायचं काम माझ्यावर पडलं.

पत्ते बाद होते. दाजी पत्त्यात हरले की पानं फेकून उठत. मी विचार केला, आपल्याकडे असा एक खेळ आहे ज्यात कुणी हरतच नाही. रुसणाऱ्या माणसासाठी याहून बरं काय असणार? हा विचार मला इतका शास्त्रशुद्ध वाटला की मी खोकं घेऊन थेट ढाळजेत, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या ओट्यावर, येऊन बसलो. वडील, दाजी आणि धाकटे तिथं सतरंजीवर लोळत होते. आतल्या चुलीवर आई आणि अक्का अनारसे तळत होत्या.

"ह्याच्यात सगळ्यात मोठा कोण असतो, मास्तर?" दाजींनी विचारलं.

"राजा सोडला तर जादूगार."

"मग त्यो मी."

वडील योद्धा झाले. धाकट्यांच्या वाट्याला चोर आला. त्यांनी तो एका शब्दानंही कुरकुर न करता घेतला. मला आधी आश्चर्य वाटलं, मग आठवलं की ते कचेरीत आहेत.

पहिली अडचण कपड्यांवरून आली. पुस्तकात जादूगाराला चिलखत नव्हतं.

"म्हणजे मामाला लोखंडाचं चिलखत, आन् जावयाला नुसता सदरा?" दाजी म्हणाले. सासऱ्याला ते मामा म्हणत.

"माजं घ्या की पाव्हणं," वडील घाईनं म्हणाले आणि खरोखरच बंडीच्या गुंड्यांना हात घातला.

चिलखतात जादू का होत नाही याचं कारण पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी ते तिथल्या तिथं तयार केलं. जादू ही एक प्रकारची लहर असते, आणि लोखंड ती लहर शोषून घेतं. दाजींनी मान हलवली. "बराबर हाय. म्हणून तर बाळंतिणीच्या उशाला इळा ठिवत्यात. लोखंडाजवळ काही फिरकत न्हाई." माझा सिद्धांत इतक्या लवकर कुणी मान्य केलेला नव्हता, त्यामुळे कोणत्या कारणानं केला याकडे मी लक्ष दिलं नाही.

दुसरी अडचण गुहेच्या तोंडाशी. आत ड्रॅगन आहे, कुणी पुढं व्हायचं?

"पाव्हणं, तुमी व्हा पुढं. तुमचा मान."

"न्हाई मामा, वडीलधारं माणूस असताना आमी पुढं? शोभतं का?"

"मग धाकल्या पाव्हण्यांनी—"

"थोरले असताना?" धाकटे म्हणाले आणि कानाच्या पाळीला हात लावला.

तिघंही तिथंच उभे. चहा आला, गेला, तरी उभेच. शेवटी मला ड्रॅगनलाच बाहेर बोलवावं लागलं. जगातल्या कुठल्याही ड्रॅगननं यजमानाचं काम इतक्या मुकाट्यानं केलं नसेल.

बाहेर आलेला ड्रॅगन चालत आला. मी आधीच स्पष्ट केलं, की एवढ्या वजनाचं जनावर त्या पंखांवर उडू शकत नाही, तेव्हा माझ्या जगात ते उडणार नाही.

"मग घोरपड म्हणा की सरळ," धाकटे म्हणाले.

"घोरपडीच्या तोंडातनं आग निघती का?" दाजी.

"पोटातल्या वायूनं निघते," मी म्हणालो. "आपल्या गोबरगॅससारखं."

"आपलं तर सालभर झालं पेटलंच न्हाई," वडील म्हणाले, आणि ड्रॅगनची भीती सगळ्यांच्याच मनातून गेली.

तरी दाजी रंगले. आगीचा गोळा फेकायला ऊर्जा शरीरातून जाते, म्हणून जादूगाराला प्रत्येक गोळ्यामागे भूक लागते, असा माझा नियम होता. दाजींनी तो ऐकला आणि आत हाक मारली, "अगं, मास्तर म्हणायलेत मला भूक लागलीया." अक्कानं शेंगदाण्याचे लाडू आणून ठेवले. मग दाजींनी ड्रॅगनवर गोळे टाकले, ड्रॅगनच्या बाजूच्या बाभळीवर टाकले, आणि काहीच शिल्लक उरलं नाही तेव्हा लांबच्या एका टेकडीवर टाकले. लाडवांचा डबा संपला. ड्रॅगन मेला. मग मी धोरण म्हणून राजाला मध्ये आणलं आणि भर दरबारात जादूगाराला फेटा बांधून सोन्यानं भरलेला हंडा दिला. दाजींनी तो हंडा दोन्ही हातांनी घेतला. म्हणजे हात खरोखरच पुढं केले.

मी पाणी प्यायला आत गेलो तर अक्कानं मला कोपऱ्यात ओढलं. कपाळावर घाम, हाताला तूप.

"येड्या, लय झाक झालं. तीन वर्सात मी ह्यांना असं हसताना बघितलं न्हाई. सकाळी म्हणलेत, जेवण नीट पार पडलं तर पंचमीला धाडतो. त्यांच्या तोंडानं म्हणलेत. तू तेवढं मोडू नगंस."

"माझ्याकडून काय मोडतंय?"

"तुज्याकडनंच मोडतंय. तुला बोलायचं कळत न्हाई, निस्तं शिकवायचं कळतं."

दुसऱ्या दिवशी बंद होता. रस्त्यावर वाहन नाही, दुकानांची फळी लागलेली. जेवणं उरकून आम्ही पुन्हा बसलो. आता तिघं एका किल्ल्याच्या बुरुजावर होते, काम फत्ते झालं होतं, फक्त खाली उतरायचं होतं. वडील दोराला धरून उतरले. धाकटे त्यांच्या मागून उतरले. दाजी म्हणाले, "आमी दोराला लोंबकळत न्हाई. आमच्याकडं तरंगायचा मंत्र हाय. आमी तरंगत उतरणार. हांड्यासगट."

मला तिथंच थांबायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण भरलेला सोन्याचा हंडा किती जड असतो याचा कुणी विचार करणार की नाही?

"दाजी, हंडा खाली ठेवा. मंत्र एका माणसाचंच वजन पेलतो."

"पुस्तकात लिवलंय?"

"पुस्तकात नाही लिहिलेलं. पण बघा, वरच्या दिशेनं जेवढं बल—"

"राजानं भर दरबारात दिलेला हांडा हाय. ठिवून जाऊ व्हय? आमी मारली उडी."

मी खडूनं फरशीवर आकृती काढली. एक बाण वर, एक बाण खाली. खालचा बाण मोठा आला. त्यात मी काय करणार? तरी अखेरची संधी म्हणून फासा टाकला. तो वीस तोंडांचा फासा सतरंजीवर गडगडत गेला आणि त्याच्या वीस तोंडांपैकी सगळ्यात वाईट तोंड वर करून थांबला.

"दाजी," मी शिकवायच्या आवाजात म्हणालो, "तुम्ही मेलात."

आत अक्का धोंड्यासाठी डाळ पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला.

धाकटे अगदी सहज म्हणाले, "मग हांडा मी उचलतो."

"उचला," वडील पान लावता लावता म्हणाले.

आणि मग आई बाहेर आली. "अरे माय! धोंड्याच्या महिन्यात! माज्या घरात! जावयाला! जिभंला काही हाड हाय का न्हाई तुज्या?" तिनं उंबऱ्यावरच मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि दाजींवरून उतरवायला लागली. दाजी उठले. दस्ती झटकली, खांद्यावर टाकली, चपला घातल्या आणि उन्हात चालते झाले. अक्का दारात उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

दाजी फाट्यावर जाऊन बसले. बस येणार नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. पण रुसलेल्या माणसाला बस लागत नाही, बसस्टँड लागतो. तिथल्या शेडच्या भिंतीवर नामांतराच्या दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या, इतक्या वेळा की आता कुठलीच वाचता येत नव्हती. बंदमुळे अख्खं गाव रिकामटेकडं होतं. लोक चौकशीला जमले. 'मास्तरनं जावई मारला' ही बातमी फाट्यावरून गावात यायला माणूस पाठवावा लागला नाही. आमच्या घरी एक म्हातारा धापा टाकत आला आणि डोक्यावरचं मुंडासं काढून हलक्या आवाजात विचारता झाला, "कवा न्यायलेत?"

वडील, मी आणि धाकटे फाट्यावर गेलो. धाकट्यांना आणायचं कारण नव्हतं. पण त्यांना वाटलं आपला उपयोग होईल.

मी दाजींना समजावायला लागलो. एक दगड उचलला, लिंबाचं एक पान उचललं, दोन्ही वरून सोडून दाखवलं. जमलेल्या लोकांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, मी पुन्हा दाखवलं. म्हणालो, हा काही माझा नियम नाही, मी कुणालाही सोडलं असतं तरी तो असाच पडला असता. हे वाक्य सांत्वनाला फारसं उपयोगी नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दाजी समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. वडिलांनी मला कोपरानं ढोसलं. मग मी मास्तरकी गुंडाळली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ठीक आहे. आजपासून माझ्या जगात जावयाला गुरुत्वाकर्षण लागू नाही."

लोकांना हे पटलं. कुणीतरी "असंच पायजे" असंही म्हणालं.

"दोन्ही जावयांना, का थोरल्यालाच?" धाकट्यांनी विचारलं.

"दोन्ही!"

"मला मेहरबानी नको," दाजी म्हणाले. "पडलो त्याचं काय न्हाई, मास्तर. वजनी माणूस हाय, पडणारच. आजपोत्तर कुणी वर गेलंय का?"

"मग?"

"हांडा कुणाकडं हाय?"

धाकटे लिंबाच्या झाडात काहीतरी शोधायला लागले.

"मी जिमिनीला टेकलो न्हाई तवर ह्यांनी हांडा उचलला. आन् मामा म्हणले, उचला. पान लावायलते मामा. थोरला जावई वरनं पडतो, आन् 'अरं काय झालं' म्हणायला एक माणूस न्हाई. परक्याच्या वावरात बैल पडला तरी मानसं धावत्यात."

वडिलांच्या हातात अजूनही पान होतं. त्यांनी ते खिशात घातलं. मी सबंध दुपार चुकीचं गणित सोडवत होतो, हे मला तिथं, दगड आणि लिंबाचं पान हातात धरून, समजलं.

"देऊन टाका हो हंडा," मी धाकट्यांना म्हणालो.

"देतो की," धाकटे म्हणाले, पण त्यांचा गोड आवाज आता जरा तुटक झाला होता. "पण चोर मला तुमीच केलं. चोरानं काय करायचं मग? आन् आता सगळ्या गावासमोर दिला तर भिऊन दिला म्हणतील. मी बी ह्या घरचा जावई हाय. का मला धोंडं न्हाईत?"

म्हणजे आता दुसराही निघाला. वडील एकदा या जावयाकडे, एकदा त्या जावयाकडे बघत होते, आणि ज्या हंड्यासाठी हे चाललं होतं तो बघायला मिळेल तर बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. अक्का आली होती. भर उन्हात, डोक्यावर पदर ओढून, सुपातली डाळ तशीच टाकून. नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही, भावजींकडेही नाही. थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"येड्या, तुज्या त्या जगात मानसांना बायका असत्यात का न्हाई?"

"असतील की."

"असतील न्हवं. हायत का?"

"आहेत."

"मग ह्यांची बायकू आली म्हण. आली का?"

"आली," मी म्हणालो. न म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

"हे मेले म्हणून कुणी सांगितलं? नाडी कुणी बघितली?"

"अक्का, फाशावर—"

"फासा डाक्टर हाय का? बायकू आल्याबिगर कुणी मेलं म्हणायचं न्हाई. मी बघितलंय. मेले बिले काही न्हाईत. पडलेत. कंबरंला मुका मार लागलाय, हळद लावायची, दोन दिस उठबस जपून करायची." मग तिनं धाकट्यांकडे तोंड वळवलं. "भावजी, मुका मार लागलेल्या मानसाला हांडा उचलवत न्हाई. तुमी सांभाळलात, लय उपकार झाले. आता माज्याकडं द्या."

धाकट्यांनी गर्दीकडे एकदा बघून घेतलं. "अक्का, तुमाला देतो," ते मोठ्यानं म्हणाले, "त्यांना न्हाई." आणि त्या सभ्य कचेरीतल्या माणसानं फाट्यावर, शंभर माणसांदेखत, कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी, नसलेला हंडा अक्काच्या पायाशी ठेवला. पुढे उभ्या असलेल्या लोकांनी हंड्याला जागा व्हावी म्हणून पाय मागे घेतले.

माझे सगळे नियम जागच्या जागी होते. वजनी माणूस पडला होता. मंत्र अपुरा पडला होता. फासा खोटा ठरला नव्हता. मुका मार हा शब्द अमेरिकेतल्या त्या पुस्तकांत कुठेही नव्हता, आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता.

"पण मी म्हणते," अक्का जाता जाता म्हणाली, "एवढ्या वरनं उडी कामून मारायची? किल्ल्याला पायऱ्या न्हाईत व्हय रं?"

"आहेत की," मी म्हणालो. किल्ला म्हटल्यावर पायऱ्या असणारच.

दाजी एकदम माझ्याकडे वळले. "हायत?"

"आहेत, दाजी. कुणी विचारलंच नाही."

"अहो मग सांगायचं की हो, मास्तर!" दाजी ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांना हसू आलं. ते त्यांनी दस्तीनं पुसून टाकलं, पण उशीर झाला होता. आधी शेडमधली माणसं हसली, मग वडील, मग शेवटी, सगळे हसतात हे नीट बघून घेऊन, धाकटे.

दुसऱ्या दिवशी धोंडे झाले. आईनं दोन ताम्हनं घेतली, दोन निरांजनं घेतली आणि धाकट्या बहिणीला हाताशी धरून दोघांनाही एकाच वेळी ओवाळलं. दाजी पाटावर बसताना कंबरेवर हात ठेवून, हळूच, "आई गं" करत बसले. मला आधी वाटलं त्यांना खरंच काही झालं. अक्कानं त्यांच्या पाठीशी लोड सरकवला. आईनं आपणहून विचारलं, "लय दुखतंय का पाव्हणं?" "आता जरा उतार हाय, आत्या," दाजी म्हणाले आणि आमरसाची वाटी पुढं केली. उठतानाही धाकट्यांचा हात धरून उठले. दोन दिवसांत माझ्या जगातलं एवढं मन लावून कुणी काही केलं नव्हतं.

संध्याकाळच्या बसला सोडायला मी गेलो. दाजी कंबर सांभाळत चढले, खिडकीजवळ बसले आणि डोकं बाहेर काढलं.

"मास्तर, पंचमीला हिला धाडतो. राहील तितके दिस ठिवून घ्या. आता हांडा तिच्याकडं हाय, तिच्याबिगर तुमचं पुढं काय व्हायलंय?"

पलीकडे अक्का पदर सावरत सरळ समोर बघत बसली होती. ड्रायव्हरच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं असावं अशी.

पंचमीला ती आली. लिंबाच्या फांदीला झोका बांधला, मैत्रिणींकडे जाऊन जाऊन बसली, दुपारी मनसोक्त झोपली, आणि राखी बांधूनच गेली. मध्ये एकदा मी मोठ्या उत्साहानं खोकं काढलं, फासे मांडले आणि तिला हाक मारली. किल्ल्याखालचं गाव मी चांगलं विहिरी-पांदणींसकट रचून ठेवलं होतं.

"ठिव तिकडं," ती झोक्यावरून म्हणाली. "हांडा हाय न्हवं माज्याकडं? बास मग."